सेंट मेरीजच्या वळणावर : जुन्या शर्यतीच्या गाड्या आणि अस्सलपणाचा प्रश्न

गुडवुडच्या मैदानात शिरल्यावर पहिली ओळख पटते ती वासाने. डोळ्यांपुढे अजून एकही शर्यतीची गाडी आलेली नसते, कानांवर लांबून नुसती घरघर येत असते. पण हवेत एक गोडसर, करपट, तेलकट वास भरून राहिलेला असतो. आम्ही तो ओळखला आणि थोडे हसूही आले. तो एरंडेलाचा वास होता. लहानपणी ज्याच्यासाठी नाक दाबून धरावे लागे तेच एरंडेल विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शर्यतीच्या इंजिनांचे लाडके वंगण होते; ‘कॅस्ट्रॉल’ या नावात त्याचे इंग्रजी नाव आजही दडून बसलेले आहे. जुन्या गाड्यांचे काही मालक अद्याप तेच वापरतात. इंजिनाला त्याची गरज किती आणि मालकाच्या नाकाला किती, हे सांगणे अवघड.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ, चिचेस्टर गावालगत, सप्टेंबरात तीन दिवस भरणाऱ्या ‘गुडवुड रिव्हायव्हल’ या मेळ्याला आम्ही साउदॅम्प्टनला स्थायिक झालेल्या एका स्नेह्यांच्या आग्रहावरून गेलो होतो. ते पेशाने यंत्रअभियंते. आम्हांला मोटारींचे वेड असे कधीच नव्हते. परंतु जुनी वस्तू पुन्हा वापरात आणली जाते तेव्हा तिचे नेमके काय होते, हा प्रश्न जुन्या संहितांच्या सहवासात आयुष्य काढणाऱ्या कोणाच्याही मनात असतोच. तो घेऊनच आम्ही गेलो, आणि अधिक गुंतागुंतीचा करून परत आणला.

प्रथम जागेविषयी. दुसऱ्या महायुद्धात येथे वेस्टहॅम्पनेट नावाचा लढाऊ विमानांचा तळ होता. दोन्ही पाय गमावूनही विमान चालवणारा डग्लस बेडर ९ ऑगस्ट १९४१ रोजी येथूनच उडाला आणि फ्रान्समध्ये जर्मनांच्या कैदेत पडला. तळाच्या कडेने विमाने नेण्या-आणण्यासाठी जो रस्ता बांधला होता तोच युद्धानंतर शर्यतीचा मार्ग झाला. लांबी सुमारे ३.८ किलोमीटर. जमिनीचे मालक रिचमंडचे नववे ड्यूक, म्हणजे फ्रेडी मार्च, तरुणपणी स्वतः शर्यती जिंकलेले गृहस्थ. १८ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांनी ब्रिस्टॉल ४०० गाडीतून फेरी मारून मार्ग खुला केला. ब्रिटनमध्ये तेव्हा पेट्रोलला अजून रेशन होते. आदल्याच दिवशी एकोणिसावे वर्ष पूर्ण केलेल्या स्टर्लिंग मॉसने त्या दिवशी ५०० सीसी गाड्यांची शर्यत जिंकली. पुढे १९५२, १९५३ आणि १९५५ साली येथे नऊ तासांच्या शर्यती झाल्या (तिन्ही ॲस्टन मार्टिनने जिंकल्या) आणि १९५८ ते १९६४ या काळात ‘टुरिस्ट ट्रॉफी’ ही ब्रिटनमधील फार जुनी शर्यत येथे धावली.

१९६६ साली ड्यूकांनी शर्यती बंद केल्या. गाड्यांचा वेग इतका वाढला होता की हा रस्ता त्यांना पुरा पडत नव्हता, आणि त्यांना थोपवण्यासाठी मार्गाची मोडतोड करणे ड्यूकांना नको होते. चाचण्या चालू राहिल्या. त्यांतल्याच एका चाचणीत २ जून १९७० रोजी ब्रूस मॅक्लारेनचा येथे मृत्यू झाला. नंतर ड्यूकांच्या नातवाने बरोबर पन्नास वर्षांनी, १८ सप्टेंबर १९९८ रोजी, हाच मार्ग १९६६ साली होता तसा करून पुन्हा उघडला. म्हणजे ज्या अवस्थेत तो धोकादायक म्हणून बंद करण्यात आला होता त्याच अवस्थेत त्याचे पुनरुज्जीवन झाले. हे वाक्य आम्ही मुद्दामच येथे ठेवीत आहोत. त्याच्याकडे पुन्हा यावे लागेल.

जुन्या गाड्यांच्या शर्यती हा काही गुडवुडचा शोध नाही. ब्रिटनमध्ये ‘व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब’ १९३४ सालीच स्थापन झाला होता. १९७० च्या दशकात जर्मनीत न्युर्बुर्गरिंगला आणि कॅलिफोर्नियात लगुना सेकाला असे मेळे सुरू झाले, आणि २००२ पासून फ्रान्समध्ये ल मान्सच्या मार्गावर जुन्या गाड्या रात्रीच्या अंधारातही धावू लागल्या. गुडवुडचे वैशिष्ट्य असे की तेथे प्रेक्षकही काळाच्या आत घेतला जातो. मार्गाच्या आवारात १९६६ नंतरची गाडी दिसू द्यायची नाही हा दंडक. लोक चाळीस ते साठच्या दशकांतले पोशाख घालून येतात. ट्वीडचे कोट, टोप्या, मोजे, हवाई दलाचे गणवेश. परिचारिकेच्या वेशातल्या मुली आईस्क्रीम खात हिंडतात.

हे सारे पाहताना आम्हांला प्रथम अवघडल्यासारखे झाले हे कबूल करायला हवे. स्मरणरंजनाचा एवढा घाऊक प्रयोग आम्ही पूर्वी पाहिला नव्हता. रेशनच्या काळाचे कपडे अंगावर आणि हातात शॅम्पेनचा पेला! युद्धाचे गणवेश आहेत, युद्ध नाही. १९४८ आहे, पण त्याच्या आदल्या वर्षी याच देशाच्या हातून काय सुटले याची खूण कोठेही नाही. रॉबर्ट ह्यूइसन या समीक्षकाने १९८७ साली ‘द हेरिटेज इंडस्ट्री’ या पुस्तकात तक्रार केली होती की ब्रिटन आता माल तयार करण्याऐवजी वारसा तयार करू लागला आहे. पहिल्या तासाभरात आमचे मत त्याच्याहून फारसे निराळे नव्हते. स्नेह्यांना तसे म्हटले तर ते म्हणाले, “अहो, कपडे बघायला थोडेच आलोय आपण! चला वळणावर.”

सेंट मेरीज हे डावे वळण. फोर्डवॉटरच्या वेगवान उजव्या भागातून गाड्या येतात, रस्ता किंचित खाली उतरतो आणि डावीकडे वळतो. आम्ही कुंपणाला टेकून उभे होतो. शर्यत होती ‘ससेक्स ट्रॉफी’ची : १९५५ ते १९६० या काळातल्या मोठ्या स्पोर्ट्स गाड्या. जग्वार डी-टाइप, लिस्टर, लोटस, मासेराती. दोन बसण्याच्या जागा, वर छप्पर नाही, चालकाचे डोके आणि खांदे वाऱ्यात.

पहिली गाडी आली ती नाक डावीकडे आणि अंग उजवीकडे अशी, तिरपी. ती घसरते आहे असे वाटून आम्ही मागे सरलो. ती घसरतच होती. पण चालक स्टिअरिंग उलट्या दिशेला धरून त्या घसरणीला वळणाचा आकार देत होता. मागून दुसरी तशीच, तिसरी तशीच. स्नेह्यांनी समजावून सांगितले ते असे : त्या काळचे टायर अरुंद, आणि आतल्या धाग्यांचे थर एकमेकांना छेद देणारे. असा टायर रस्ता एकदम सोडत नाही, हळूहळू सोडतो. पकड आणि घसरण यांच्यामध्ये एक रुंद प्रदेश असतो आणि चांगला चालक संपूर्ण वळणभर त्या प्रदेशातच राहतो. आजचा टायर पुष्कळ अधिक वेगापर्यंत घट्ट धरून ठेवतो, पण सोडतो तेव्हा एकाएकी सोडतो. म्हणून आजच्या शर्यतीत गाडी रुळावरून गेल्यासारखी वळते आणि माणूस दिसत नाही. येथे तो दिसत होता. कोपर वर-खाली होताना, मनगटाने स्टिअरिंगला बारीक हिसके देताना, गिअर बदलताना खांदा झुकताना. दहाव्या फेरीपर्यंत आम्हांला चालकांची वळणे हस्ताक्षरासारखी वेगळी ओळखू येऊ लागली होती. एकजण फार लवकर वळवून मग वाट पाहत असे. दुसरा शेवटपर्यंत सरळ येऊन एकाच झटक्यात गाडी तिरपी करी.

या काळाच्या चित्रफिती आम्ही पूर्वी पाहिल्या होत्या. त्यांत गाड्या तिरप्या जाताना दिसतात, आणि चित्रीकरणाच्या वेगामुळे तसे भासत असावे असा आमचा समज होता. तो तेथे, कुंपणाला टेकून, गेला. संग्रहालयात उभ्या असलेल्या डी-टाइपकडे पाहून तिचा मागचा उंच पंखा, माल्कम सेयरने विमानविद्येतून आणलेला तिचा गुळगुळीत आकार, तीन वर्षांत तीन वेळा (१९५५, ५६, ५७) ल मान्स जिंकल्याची पाटी, हे सगळे कळते. ती चालवताना काय करावे लागे हे कळत नाही. ते ज्ञान गाडीत नसते, हातांत असते. आणि हात मरतात, म्हणून ते एका हातातून दुसऱ्या हातात जावे लागते.

आता अडचण अशी की हे ज्ञान टिकवण्यासाठी गाडी झिजवावी लागते. परतीच्या वाटेवर, दुरुस्तीच्या पत्र्याच्या शेडखाली ओळीने उभ्या असलेल्या गाड्या पाहताना आम्ही स्नेह्यांना विचारले, “यांत मूळचे किती असेल हो?” ते हसले. “ते विचारायचं नसतं,” म्हणाले. शर्यतीची गाडी तिच्या ऐन उमेदीतही कधी ‘मूळची’ राहत नव्हती. आज इंजिन बदलले, उद्या अपघातात नाक गेले, पुढच्या हंगामात नवे ब्रेक बसवले. निवृत्तीनंतर ती कोणाच्या तरी कोठारात पडून राहिली, तिचे भाग दुसऱ्या गाड्यांना गेले, आणि चाळीस वर्षांनी तिला भाव आला तेव्हा राहिलेल्या भागांभोवती ती पुन्हा उभी राहिली. कित्येकदा एका गाडीच्या अवशेषांतून दोन गाड्या उभ्या राहतात आणि दोन्ही एकाच क्रमांकावर हक्क सांगतात. साहित्याच्या अभ्यासकाला या परिस्थितीची ओळख करून द्यायला नको. ज्ञानेश्वरांच्या वा सच्चिदानंदबाबांच्या हातची प्रत आपल्याजवळ नाही; ग्रंथ वाचला गेला, उतरवला गेला, आणि वापरामुळेच बदलत गेला, म्हणून तर शके १५०६ मध्ये एकनाथांना पाठशुद्धीला बसावे लागले.

हा प्रश्न एकदा खरोखरच न्यायालयात गेला. ‘ओल्ड नंबर वन’ या नावाने ओळखली जाणारी बेंटली स्पीड सिक्स गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्स जिंकली होती. त्यानंतर तिच्यात इतके फेरफार झाले की १९३२ साली तिच्यात आठ लिटरचे निराळेच इंजिन होते. त्याच वर्षी ब्रूकलंड्सच्या उंच कडेवरून ती बाहेर फेकली गेली आणि चालक क्लाइव्ह डनफी ठार झाला. पुढे तिची पुन्हा बांधणी झाली. अनेक वर्षांनी ती प्रचंड किमतीला विकण्याचा करार झाला, तेव्हा ही ती गाडीच नव्हे असे म्हणत खरेदीदाराने पैसे नाकारले. १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विक्रेत्याच्या बाजूने दिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की ल मान्स जिंकणाऱ्या गाडीचे साहित्य यात फारच थोडे उरले आहे, त्या अर्थाने ही मूळ गाडी नाही. परंतु तिचा इतिहास कोठेही तुटलेला नाही, या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी नाही, तेव्हा ती अस्सल आहे. ‘मूळ’ आणि ‘अस्सल’ हे दोन शब्द आपण किती सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो, हे आम्हांला त्या निकालाविषयी वाचताना प्रथम जाणवले.

‘मिलिंदपञ्हा’त नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की तू रथातून आलास, मग सांग, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो, आणि शेवटी ‘रथ’ हे भागांच्या आधाराने चालणारे नाव आहे इतकेच हाती उरते. लंडनच्या न्यायमूर्तींना नागसेन ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण त्यांनी रथाच्या प्रश्नात एक भर घातली : नावाला इतिहास असतो, आणि तो कागदोपत्री सलग दाखवता आला पाहिजे.

शर्यतीच्या नियमांची भूमिका याहून सोपी आणि आमच्या मते अधिक प्रामाणिक आहे. एफआयए ही जागतिक संघटना जुन्या गाड्यांना जो तांत्रिक परवाना देते त्यात गाडी तिच्या काळच्या मोजमापांबरहुकूम आहे की नाही एवढेच पाहिले जाते. ती कोणाची, तीच का, याची हमी तो कागद देत नाही. म्हणजे काल बांधलेली गाडीही, मोजमापे बरोबर असतील तर, १९६२ ची म्हणून धावू शकते. यातून एक प्रथा रूढ झाली आहे ती आम्हांला फार बोलकी वाटली. अनेक मालक आपल्या गाडीचे मूळ इंजिन काढून घरी जपून ठेवतात आणि शर्यतीसाठी तंतोतंत तसेच नवे इंजिन बसवतात. काही जण तर संपूर्ण गाडीच घरी ठेवून तिची प्रतिकृती मैदानात उतरवतात. स्नेह्यांना यात लबाडी वाटत होती. आम्हांला देवळातली मूर्ती आठवली. गाभाऱ्यातली हलत नाही. पालखीत बसून रस्त्यावर येते ती उत्सवमूर्ती. उत्सवमूर्ती खोटी असे कोणी म्हणत नाही.

मात्र उत्सवमूर्तीच्या मागे गाभारा हवा. तोच नसेल तर काय, याचेही उदाहरण आहे, आणि त्याचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. डी-टाइपवरून जग्वारने रस्त्यावर चालवण्याजोगी ‘एक्सकेएसएस’ ही गाडी काढली होती. पंचवीस बांधायच्या होत्या. सोळा झाल्या, आणि १२ फेब्रुवारी १९५७ च्या रात्री कारखान्याला लागलेल्या आगीत नऊ गाड्या गेल्या. २०१६ साली जग्वारने जाहीर केले की त्या नऊ गाड्या आता बांधून देऊ. त्याआधी कंपनीने हलक्या वजनाच्या ई-टाइपच्या, क्रमांक ठरूनही न बांधल्या गेलेल्या, सहा गाड्या पुऱ्या केल्या होत्या. २०१८ साली डी-टाइपच्या शंभरांपैकी राहिलेल्या पंचवीस गाड्यांची घोषणा झाली. एक्सकेएसएसची किंमत दहा लाख पौंडांहून अधिक. जुनी चित्रे, जुन्या पद्धती, जुनेच रिव्हेट. आणि ही कंपनी २००८ पासून टाटा समूहाच्या, म्हणजे मुंबईच्या बॉम्बे हाउसच्या, मालकीची. ह्यूइसनचे विधान इतके शब्दशः खरे होईल, आणि तेही मुंबईच्या भांडवलावर, असे त्यालाही वाटले नसेल. जळालेल्या गाड्यांच्या जागी बांधलेल्या त्या नऊ गाड्यांत चूक काढायला जागा नाही. त्यांच्यामागे काही घडलेलेच नाही, एवढीच त्यांची उणीव. ती उणीव कारखान्यात भरून निघत नाही. पन्नास वर्षे चालवूनच निघेल. आणि निघेलही, असे आम्हांला वाटते. यावर आमचे व स्नेह्यांचे गाडीत बसून बरेच भांडण झाले.

येथवर सारे ठीक आहे. संहिता, पाठ, प्रयोग या आपल्या ओळखीच्या शब्दांत सगळे बसते. पण सेंट मेरीजच्या वळणावर आम्ही उभे होतो ती जागा तशी बसत नाही. २३ एप्रिल १९६२ रोजी, ईस्टरच्या सोमवारी, याच वळणाजवळ स्टर्लिंग मॉसची लोटस रस्ता सोडून मातीच्या बांधावर आदळली. मोडलेल्या गाडीतून त्याला कापून बाहेर काढावे लागले. महिन्याहून अधिक काळ तो बेशुद्ध होता. १९६३ च्या मे महिन्यात तो पुन्हा गुडवुडला आला, रिकाम्या मार्गावर एकटाच एका लोटस स्पोर्ट्स गाडीतून काही फेऱ्या मारल्या, आणि निवृत्ती जाहीर केली. तेव्हा त्याचे वय तेहेतीस होते. वेग फारसा कमी झाला नव्हता. पूर्वी जे आपोआप होत असे ते आता विचार करून करावे लागत होते, हे त्याने स्वतःच ओळखले आणि तेवढे पुरे मानले.

नाटकात मरणारा पात्र म्हणून मरतो आणि पडद्यामागे जाऊन चहा घेतो. येथील प्रयोगात ती सोय नाही. पोशाख खोटे, दुकानांच्या पाट्या खोट्या, इंजिन कदाचित नवे; परंतु १९५७ च्या आकाराच्या गाडीत, १९६६ च्या रस्त्यावर, ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास बसलेला माणूस खरा आणि आजचा असतो. अशा शर्यतींत चालकांचे मृत्यू झालेले आहेत. ज्यासाठी ड्यूकांनी मार्ग बंद केला ते कारण पुनरुज्जीवनाबरोबर परत आलेले आहे, आणि आम्ही त्याच्यासाठीच कुंपणाला चिकटून उभे होतो की काय, हा विचार आम्हांला तेव्हा आला नाही, परतल्यावर आला. घसरणारी गाडी पाहण्यातला आनंद ती सावरली जाईल या खात्रीचा असतो की ती खात्री नसण्याचा, याचे नेमके उत्तर आम्ही स्वतःला अजून देऊ शकलेलो नाही. कौशल्याचे ज्ञान टिकते असे वर म्हटले ते खरेच आहे. पण ते कौशल्य मुळात जिवाच्या भीतीतून घडलेले होते, आणि भीती वजा केली तर ते कितपत उरेल याची शंका आहे.

मॉस स्वतः या मोहातून सुटला नाही. निवृत्तीनंतर काही वर्षांनी तो जुन्या गाड्यांच्या शर्यतींत उतरू लागला आणि पुढे दशकानुदशके उतरत राहिला. गुडवुडच्या पुनरुज्जीवनातही तो होता. जून २०११ मध्ये ल मान्सला, अशाच एका शर्यतीच्या सरावात, पोर्शेमध्ये असताना आपल्याला आज भीती वाटली असे सांगून तो उतरला आणि पुन्हा शर्यतीसाठी बसला नाही. वय एक्याऐंशी. २०२० साली तो वारला. पहिल्या निवृत्तीत आणि दुसऱ्या निवृत्तीत अठ्ठेचाळीस वर्षांचे अंतर आहे. दोन्ही वेळा निर्णय त्याने एकाच दिवसात, गाडीत बसल्या बसल्या घेतला.

२०२४ पासून गुडवुडच्या या मेळ्यात धावणाऱ्या सर्व गाड्यांच्या इंधनात किमान ७० टक्के भाग शाश्वत स्रोतांतला असावा असा नियम झाला आहे. तेव्हा इंजिनात जळणारेही आता त्या काळचे नाही. एरंडेलाचा वास मात्र होता.

संध्याकाळी निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा त्या शेडकडे गेलो. शर्यतीत एका डी-टाइपचे नाक पुढच्या गाडीला घासले होते आणि पत्रा चेपला होता. दोन माणसे खाली वाकून काम करीत होती. एकाने आतून लाकडी ठोकळा धरला होता, दुसरा बाहेरून हलक्या हाताने हातोडी मारत होता. मधूनच तो थांबे, तळहात पत्र्यावरून फिरवी, आणि पुन्हा मारी. शेजारी पेटीवर एक वही उघडी पडली होती. तीत त्या दिवसाची तारीख आणि खाली काय मोडले, काय बदलले, याच्या दोन ओळी लिहिलेल्या दिसत होत्या. तिसरी ओळ लिहायची राहिली होती, कारण पत्रा अजून सरळ झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्या गाडीला पुन्हा धावायचे होते.